आजीच्या हातातलं फडकं

— हाँ ब्रदर, रखा था. आजी के हाथ में ही रखा था, दोनों हाथ के बीच में. मामा को बोल देना, फिकर नक्को करो. — झालं, संपली माझी हिंदी. आईनं सकाळी शिफ्टला जाताना एवढंच पाठ करून घेतलं होतं. म्हणाली, शांतवनमामाच्या मिशनमधले ब्रदर येणारेत, फादर व्हायचं शिकायला पुण्याला निघालेत, वाटेत आपल्याकडं उतरतील, आणि फडक्याचं विचारतील. विचारलंतच. बूट काढायच्या आधी विचारलंत.

पोहे घ्या ना. मिरची लागली का? हसता नुसते. मराठी कळत नाही तुम्हाला, बरंय एका अर्थी. मी घुमी आहे म्हणते आई. वर्गात हजेरी देते ती बाईंना ऐकू जात नाही, दोनदा गैरहजेरी लागली माझी, बाकावर बसलेली असताना. आणि आज बघा, कशी बोलतेय — भिंतीशी बोलल्यासारखं. राग नका मानू. दार उघडंच राहू द्या, समोर रत्नमालाकाकू गहू निवडत बसल्यात. त्यांना कमी ऐकू येतं.

हा फोटो बघताय का? मामाच आहे तो, फादर झाला त्या दिवशीचा, गुरुदीक्षेचा. केस होते तेव्हा. मागच्या वेळी घरी आला तेव्हा मी तिसरीत होते, केस सगळे गेलेले. पंधरा दिवस होता, पाहुण्यासारखा. भाकरी वाढली तर आधी भात मागितला. भाजीवाल्या मुक्ताबाईंशी हिंदीत बोलायला लागला — त्या म्हणाल्या, बाबा, मी वैजापूरची आहे, तू कुठला? तो पण वैजापूरचाच की. मेथीची जुडी हातात धरून उभा राहिला. आई आत येऊन रडली. मला काही वाटलं नव्हतं.

फोन करतो तेव्हा सांगतो तिथलं. चीनच्या हद्दीजवळ आहे म्हणतो, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला दोन दिवस चालावं लागतं, पायाला जळवा लागतात, मिठाची पिशवी पाठीवर न्यायची. वीस घरांचं गाव, त्यातली आठच रविवारी चर्चात मिस्साला येतात. ताप आला की पडून राहायचं. फोन लागतो एका खडकावरच, तिथं चढून बोलतो — वारा नुसता घूं घूं येतो. तुम्हाला कशाला सांगतेय, तुमचाच खडक तो.

तर ते फडकं. गुरुदीक्षेला मामाच्या हाताला बिशपांनी तेल लावलं ना, ते ज्यानं पुसलं ते. ते फादरच्या आईला देतात, आणि ती वारली की तिच्या हातात ठेवून पुरतात — म्हणजे वर गेली की दाखवता येतं, माझा मुलगा फादर आहे म्हणून. हे मला आत्ता माहितीय. तेव्हा नव्हतं. आजी नुसती म्हणायची, माझ्या पेटीला हात लावू नका. आम्हाला वाटायचं, पैसेबिसे असतील.

सातवीत होते. आजीला लकवा मारलेला, त्या खाटेवर असायची, तिथंच, जिथं तुमची पिशवी ठेवलीय. तोंड वाकडं, बोलता यायचं नाही, डोळे तेवढे फिरायचे. आई कंपनीत, शाळेतून आलं की मीच असायची तिच्यापाशी. आणि एक दिवस — तुम्हाला कळत नाही म्हणून सांगते — मला पाळी आली, पहिल्यांदा. भिंतीला टेकून उभी राहिले किती तरी वेळ. आईला यायला तीन तास. कोणाला सांगणार? काकूंना सांगायचं तर ओरडून सांगावं लागलं असतं, सगळ्या गल्लीला. घरात एक चिंधी सापडेना. मग पेटी उघडली. सगळ्यात खाली, आजीच्या लग्नाच्या लुगड्यात, पांढरं फडकं होतं. मऊ होतं. मधे पिवळट डाग. मला वाटलं, जुनंच आहे. दातानं धरून फाडलं. दोन तुकडे केले.

तेव्हा आजीनं आवाज केला. आ आ आ असा. हात उचलला — बरा होता तो डावा. मला वाटलं, पाणी पाहिजे. भांड्यातून पाणी दिलं. तिनं पिलं नाही, सगळं हनुवटीवरून गळ्यात गेलं. मी पुसलं. दुसऱ्या तुकड्यानंच पुसलं.

दोन दिवसांनी काळ्या पिशवीत घालून घंटागाडीत टाकलं. मला काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं.

आजी गेली चार महिन्यांनी. मामाच्या तिकडं दरड कोसळलेली, रस्ता बंद, निरोपच त्याला तिसऱ्या दिवशी मिळाला. इथं आईनं पेटी उपसली सगळी, एकेक लुगडं झटकून बघितलं, आणि मला म्हणाली, अपेक्षा, एक पांढरं फडकं होतं गं, कुठं गेलं? तेव्हा कळलं मला. मी म्हणाले, नाय माहीत. आई म्हणाली, म्हातारीला भ्रम झालेला आजाराआधी, तिनंच टाकलं कुठं तरी. म्हणजे आजीवर गेलं ते. काकूंनी नवा रुमाल दिला, घडी न मोडलेला. कोपऱ्यावर दुकानाची चिठ्ठी चिकटलेली होती, ती मी नखानं खरवडून काढली. तोच ठेवला हातात. छावणीच्या कब्रस्तानात पुरलं. आईनं मामाला सांगितलं, तुझंच ठेवलंय. रुमालाचं मला, आईला आणि काकूंना माहितीय. बाकीचं आईला पण माहीत नाही.

आणि मामा दर फोनला तेच म्हणतो. खडकावरून. म्हणतो, सुरेखा, मी आलो नाही, पण माझे हात आहेत बघ तिच्या हातात. त्याच्यावरच राहिलोय इथं. आई हूं म्हणते. स्पीकर चालू असतो. मी अभ्यास करते. असं पाच वर्षं चाललंय, ब्रदर, मी अभ्यास करतेय. दहावीला शहाऐंशी टक्के पडले मला.

— काय?

काय म्हणालात? घाबरू नको, बस — हे तुम्ही म्हणालात आत्ता? तुम्ही?

कोणी शिकवलं तुम्हाला मराठी?

… मामानं. रोज? लहानपणापासून? म्हणजे, मिशनच्या हॉस्टेलात जेवण झालं की तुम्हाला एकट्याला बसवून — का पण? तुम्हाला काय करायची होती मराठी तिथं?

… हं. त्याला बोलायला कोणी नव्हतं.

मग आल्यापासून गप का होतात? … मी थांबलेच नाही, व्हय. खरंय. थांबले नाही.

ते पोहे गार झाले. नका खाऊ.

मामाला तुम्ही — नाही, नका सांगू काय करणार ते. मला नका सांगू.

ही कोपऱ्यावर थांबली ना, आईच्या कंपनीची बस आहे. तोंड धुऊन आई तुम्हाला कब्रस्तानात नेईल, फुलं घेऊन. आजीच्या पायाशी मोगरा लावलाय, दिसेल तुम्हाला. मी येत नाही, माझी ट्यूशन आहे. ब्रदर — आई आली की हिंदीतच बोला.