जादूसाठी जुने रुपये

जादूगाराला सगळीकडे टाळ्याच मिळतात असं वाटतं ना तुम्हाला? परवा बुधवार पेठेत जुन्या नाण्यांच्या दुकानात गेलो. जादूसाठी जुने मोठे रुपये हवे होते. हल्लीची नाणी मागच्या रांगेतून दिसतच नाहीत. एकेक रुपया तळव्यात दाबायचा, हात उलटा करायचा आणि पडतोय का ते बघायचं, असं माझं चाललं होतं. दुकानदार काकांची नजर माझ्या हातावरून हलेना.

"काय चाललंय हे?"

"काका, मी जादूगार आहे. नाणी गायब करतो."

काकांनी आधी ट्रे स्वतःकडे ओढला. "बाह्या वर करा."

केल्या. निवडलेल्या रुपयांसाठी पाचशेची नोट पुढे केली.

"राहू द्या. तुमच्या हातातलं मी काही घेणार नाही. फोनवरून पाठवा, आणि मशीन बोलेपर्यंत हलू नका."