तिसऱ्या क्रमांकाचा आवाज

व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे माननीय अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य महोदय, आत्ताच माझ्याबद्दल इतकं भरभरून बोलून मला संकोचात टाकणारे ग्रंथपाल सर, आठवड्यातून दोनदा येऊन आम्हा सर्वांच्या तक्रारी शांतपणे ऐकणाऱ्या डॉक्टरबाई, माझे सहकारी, मेसमध्ये राबणाऱ्या माझ्या मैत्रिणी, आणि शेवटच्या रांगांत बसून ‘ही आता किती वेळ घेणार’ अशा नजरेनं माझ्याकडे बघणाऱ्या माझ्या वसतिगृहातल्या मुलींनो,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, आणि ग्रंथपाल सरांकडून ‘ममतेची मूर्ती’ ही पदवीही मिळाली. सर, तुमचं मन मोठं आहे. पण मुली मला काय म्हणतात, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मुलींनो, हसू नका. मला ठाऊक आहे. ‘श्वानपथक’ म्हणतात.

आणि ते नाव मी कमावलेलं आहे! सत्तावीस वर्षं मी या वसतिगृहाची रेक्टर होते. रोज संध्याकाळी सात वाजता हजेरी, त्यानंतर खोल्यांची फेरी. उशा उचलायच्या, कचऱ्याचे डबे बघायचे, खिडकीच्या गजांना नाक लावायचं. एकदा तर मी एका मुलीचं अख्खं सामान बाहेर काढायला लावलं होतं. खोलीत उग्र वास येत होता ना! शेवटी निघालं काय, तर तिच्या आजीनं दिलेलं सांधेदुखीचं तेल. त्या मुलीची मी माफी मागितली नाही. ‘नियम म्हणजे नियम,’ म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. आज वाटतं, दोन शब्द बोलायला काय जात होतं?

असो. आभाराचं भाषण आहे, आभारच मानायला हवेत. प्राचार्य महोदयांचे विशेष आभार, कारण पाच वर्षांपूर्वी त्यांनी एक अर्ज ‘रेक्टरांचे मत घ्यावे’ असा शेरा मारून माझ्याकडे पाठवला नसता, तर मी आज दोन मिनिटांत खाली बसले असते. आता थोडा धीर धरा.

तो अर्ज होता माध्यम विभागातल्या दोन विद्यार्थ्यांचा. एक आमच्याच वसतिगृहातली मुलगी. तिला सगळे दिग्दर्शिका म्हणत, तिनं अजून काहीही दिग्दर्शित केलेलं नसतानासुद्धा. दुसरा शहरातून येणारा, कॅमेऱ्याच्या पट्ट्याशिवाय कधी न दिसलेला एक मुलगा. त्यांना माहितीपट करायचा होता. विषय, तरुण मुलं आणि गांजा.

तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर पहिला विचार काय आला असता? माझ्या मनात आला तो असा, की चोरानंच चोरीवर निबंध लिहायला घेतलाय. दिग्दर्शिकेचे डोळे सदा लाल. विचारलं तर म्हणायची, ‘जागरण झालं, मॅडम.’ मी ते ऐकून घेतलं, आणि ती तासाला गेल्यावर तिचं कपाट उघडून बघितलं. दोरीवर वाळत घातलेल्या ओढणीचासुद्धा वास घेतला. काही सापडलं नाही. काही सापडलं नाही म्हणून माझा संशय गेला का? छे! उलट वाढला. म्हटलं, पोरगी हुशार दिसते.

म्हणून मी परवानगी दिली, ती एका अटीवर. दर मंगळवारी दुपारी चार वाजता, मेसच्या रिकाम्या सभागृहात, तुमची आखणीची बैठक माझ्यासमोर होईल. वाटलं होतं, दोन मंगळवारांत पितळ उघडं पडेल.

पहिल्या मंगळवारी मी विचारलं, ‘सुरुवातीला धूर दाखवणार असाल ना? आणि शेवटी कवटी?’

दिग्दर्शिका म्हणाली, ‘धूर अजिबात नको, मॅडम. धूर पडद्यावर फार सुंदर दिसतो. आमचा माहितीपट बघून चार जणांना ओढावीशी वाटेल.’

‘आणि कवटी?’

‘कवटी बघून पोरं हसतात,’ कॅमेरेवाला म्हणाला.

मंगळवारमागून मंगळवार गेले. कुणाचाही चेहरा दिसणार नाही, फक्त हात दिसतील, असं ठरलं. वहीत नावं नकोत, आकडे लिहायचे, असं ठरलं. वाचनालयाबाहेर पुठ्ठ्याची एक पेटी ठेवली. ज्याला बोलायचंय त्यानं आपल्या घरी, आपल्या सवडीनं बोलावं, पेनड्राइव्हवर घालावं, पेटीशेजारच्या चिठ्ठ्यांतला एक आकडा त्यावर चिकटवावा आणि पेटीत टाकावं. आवाज बदलायचं काम कॅमेरेवाल्याचं. ‘मूळ आवाज मीसुद्धा ऐकणार नाही,’ दिग्दर्शिका म्हणाली. मी मनात म्हटलं, बघू.

खरं सांगते, पाचव्या बैठकीपर्यंत मला तिथं करमायला लागलं होतं. चार वाजायची वाट बघायचे. त्यांच्यासाठी चहा सांगायचे. आणि तरी चहा पिताना तिचा हात थरथरतो का, हेही बघायचे. सवय, दुसरं काय!

सहाव्या मंगळवारी कॅमेरेवाल्यानं एक छोटा स्पीकर टेबलावर ठेवला. दिग्दर्शिका मला म्हणाली, ‘मॅडम, आज तुमची मदत हवी. तुम्ही दारामागून खोकला ऐकून मुलगी ओळखता. हे बदललेले आवाज ऐका. तुम्हाला ओळखता आले नाहीत, तर कुणालाच येणार नाहीत.’

मला बरं वाटलं, कशाला खोटं बोलू? माझ्या बावीस वर्षांच्या हेरगिरीचं कुणीतरी पहिल्यांदाच कौतुक करत होतं. मी खुर्ची पुढे ओढली.

पहिला आवाज नाही ओळखला. दुसरा नाही ओळखला. मग तिसरा लागला. जाड, घोगरा, विहिरीतून यावा तसा. म्हणत होता, ‘मी मजेसाठी सुरू केली नाही. झोप येत नव्हती म्हणून केली. आमच्या घरी फार कडक आहे. एकदा मी मुद्दाम ओढून, कपडेही न बदलता आईच्या शेजारी जेवायला बसले. वाटलं, आता ती हात धरेल. आता विचारेल. आईनं विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का?’

कॅमेरेवाला हळूच म्हणाला, ‘यंत्रानं आवाज बदलतो, पण “बसले” बदलत नाही. मुलगी आहे हे कळतंच.’

आणि त्याच वेळी, त्या आवाजाच्या मागे, एक नळ वाजला.

आमच्या क्वार्टरमधल्या मोरीचा नळ आहे. सोडला की आधी तीनदा हुंदके देतो, मग पाणी. प्लंबरनं दोनदा हात टेकले. तो नळ कसा वाजतो, हे प्लंबर सोडला तर जगात दोनच माणसांना माहीत. एक मी. दुसरी माझी मुलगी. तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि याच महाविद्यालयात शिकत होती. आमच्या दोघींच्या घरात तिसरं माणूस नाही.

मीठ खरंच कमी होतं त्या दिवशी.

‘मॅडम, ओळखू आला?’ दिग्दर्शिकेनं विचारलं.

मी म्हणाले, ‘नाही.’

‘मग हा पास,’ ती म्हणाली, आणि वहीत तीन आकड्यापुढे बरोबरची खूण केली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला ठाऊक होतं का? मुद्दाम माझ्यासमोर लावला का? दोरीवरची ओढणी हुंगणाऱ्या बाईला तिची जागा दाखवण्यासाठी हा सगळा घाट घातला होता का? तिनं मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर काहीच नव्हतं. किंवा होतं, आणि मला वाचता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सूचना फलकावर कागद लावला. ‘परीक्षा जवळ आल्याने माहितीपटाची परवानगी रद्द करण्यात येत आहे.’ परीक्षेला तीन महिने होते. अध्यक्ष महोदय, त्या कागदावर माझी सही आहे आणि त्यातलं कारण खोटं आहे. संस्थेच्या दप्तरात ते तसंच राहू नये, म्हणून आज आपल्यासमोर सांगते आहे.

मी दिग्दर्शिकेला बोलावून पेटी आणि वही मागितली. पेटी तिनं आणून दिली. रिकामी.

‘वही?’

‘वही नाही मिळणार, मॅडम.’

‘अगं, नियम माहीत आहे ना? नशा करणारी मुलगी सापडली तर त्याच दिवशी वसतिगृहाबाहेर. मला नावं लागतील.’

‘वहीत नावं नाहीतच. आकडे आहेत. तरी नाही देणार.’ ती जागची हलली नाही. ‘आम्ही त्यांना शब्द दिलाय. तुम्ही समोर बसला होतात तेव्हा.’

‘तुला माहीत होतं ना?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

‘काय, मॅडम?’

‘काही नाही. जा.’

अकरा आकडे होते त्या वहीत. नियमानं बघितलं तर अकरा घरं उठली असती, आणि मला त्यातल्या एकाच घराची भीती वाटत होती. बाकीच्या दहा जणांच्या आयांचा विचार माझ्या मनात आलासुद्धा नाही. याला ममतेची मूर्ती म्हणायचं का, सर?

घरी गेले आणि जे येत होतं तेच केलं. मुलीचं कपाट उघडलं. पुस्तकं झटकली, गादी उलटी केली. मागून आवाज आला, ‘खालच्या कप्प्यात बघ. पेन्सिलींच्या डब्यात.’

ती दारात उभी होती. मी डबा उघडला नाही. हातात धरून उभी राहिले.

‘ओळखलास तर माझा आवाज,’ ती म्हणाली.

‘ओळखला.’

‘काल दिग्दर्शिका मेसमध्ये सांगत होती, तिसरा पास झाला, मॅडमनाही ओळखू आला नाही. मला काल संध्याकाळपासून वाटतंय, आईला माझा आवाजच कळत नाही.’ मग म्हणाली, ‘आणि ओळखला होतास, तर “नाही” का म्हणालीस?’

मी उत्तर द्यायचं सोडून विचारलं, ‘कोण देतं तुला? कुणाबरोबर ओढतेस? दिग्दर्शिका आहे का त्यात?’ तपासच सुरू केला मी. तिनं शांतपणे बॅग भरली आणि माझ्या बहिणीकडे राहायला गेली. चार महिने. बहिणीला मी रोज फोन करायचे. ती म्हणायची, ‘ताई, बरी आहे गं ती. जेवते, कॉलेजला जाते.’ मला वाटायचं, ही भाचीला पाठीशी घालतेय. सख्ख्या बहिणीवर मी चार महिने विश्वास ठेवला नाही.

मग एक दिवस डॉक्टरबाई माझ्या कार्यालयात आल्या. आठवतं ना, डॉक्टरबाई? म्हणालात, ‘तुमची मुलगी सहा आठवडे माझ्याकडे येतेय. स्वतःहून. तिच्या परवानगीनं सांगते. पुढच्या वेळी तुम्ही यावं असं तिला वाटतं. पण बाहेर बाकावर बसायचं. आत यायचं नाही.’

मी गेले. बाकावर बसले. दार लोटलेलं होतं, आतलं पुसटसं ऐकू येत होतं. उठून रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. माझ्या आयुष्यात न ऐकण्यासाठी मी लांब गेले, ते त्या एकाच दिवशी.

ती घरी परतली. सोडलं का? ती म्हणते, सोडलं. मी मानते. सोपं नाही ते. काही दिवशी तिच्या कुडत्याकडे माझं नाक आपोआप वळतं. तिला ते कळतं. ती खोलीतून उठून जाते.

माहितीपट पुढच्या वर्षी झाला. वसतिगृहाच्या परवानगीशिवाय, शहरातल्या एका रिकाम्या गोदामात. याच सभागृहात दाखवला. मी दाराशी उभी राहून पाहिला. बावीस मिनिटं नुसते हात. नखं खाणारे हात, बांगडी फिरवणारे हात. तिसरा आवाज त्यात नव्हता. संपल्यावर मी दिग्दर्शिकेला गाठलं, विचारलं, ‘एक आवाज कमी वाटला.’

ती म्हणाली, ‘ध्वनी स्वच्छ नव्हता, मॅडम. कापला.’

ते खरं होतं, की तिनं माझ्यावर उपकार केले? विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं कदाचित. मी विचारलं नाही. आज ती दूर कुठेतरी काम करते. निमंत्रण पाठवलं होतं. ‘शुभेच्छा’ एवढाच निरोप आला. त्या एका शब्दाचासुद्धा मी दोन दिवस अर्थ लावत बसले होते.

ही गोष्ट सांगू का, असं मी मुलीला विचारलं. म्हणाली, ‘सांग. पण रडू नकोस. आणि मला सुधारलेली मुलगी म्हणून सादर करू नकोस.’ मी म्हटलं, ‘ये ना कार्यक्रमाला.’ तर म्हणाली, ‘नको आई. तू बोलायला लागलीस की सगळे माझ्या डोळ्यांत बघतील. लाल आहेत का ते.’

तुम्ही सर्वांनी मला निरोपाची भेट काय हवी, असं विचारलं होतं. मी ‘काही नको’ म्हणाले होते. आता मागते. उद्या-परवा कुणाला ती बसथांब्यावर, बाजारात, डॉक्टरबाईंच्या दाराशी दिसेल. ‘कशी आहेस?’ असं विचारा, आणि ती जे सांगेल ते खरं माना. एवढंच द्या मला.

आपण इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल अध्यक्ष महोदयांची, व्यासपीठाची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आभार मानताना नजरचुकीनं कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर ती चूक मोठ्या मनानं पोटात घालावी. आणि मुलींनो, सत्तावीस वर्षांत नजर रोखून ज्यांना ज्यांना मी दुखावलं, त्यांनी जमलं तर क्षमा करावी. नाही जमलं, तरी माझी तक्रार नाही.

नमस्कार.