मागून येणारा आवाज

नारिन शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात जीपार रांगेत उभी होती. पुढच्या बातमाआपांनी पिशवीतून डिस्क प्लेअर आणि दोन स्पीकर काढून काउंटरवर दुकानदारासमोर मांडले.

"लेकाने पाठवलेत. याला म्हणे वायर लागत नाही."

"प्लेअरपासून टीव्हीपर्यंत लागते, आपा. तिथून पुढे स्पीकरपर्यंत आवाज हवेतून जातो."

"म्हणजे लागतेच की."

"घ्या, इथल्या टीव्हीला लावली. आतली डिस्कही चालू झाली. पडद्यावर हे गातायत ते कोण?"

"आमचे हे. गेल्या हिवाळ्यात गेले."

"ओठ आधी हलतायत, आवाज मागून येतोय. थांबा, जुळवून देतो."

"राहू दे रे. समोरच्या डोंगरावरून मला बोलवायचे, तेव्हा हात आधी दिसायचा. हाक मागूनच यायची."