बॅरलला टेकवलेला डोळा

कुणीतरी बोललंय! नाव कुणाचं घेऊ, मला माहीतच नाही, पण कुणीतरी ते गल्लीभर केलंय... आणि तुम्हाला सांगतो, खोटं नाही ते, हीच तर लाज! बी.एस्सी. आहे मी, फर्स्ट क्लास!

झालं काय, पापणीत हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नाही, खुपत नाही, पंधरा दिवस नुसती बसलीय, लग्न उरकलं तरी न हलणाऱ्या पाहुण्यासारखी! आणि रविवारी बार्शीच्या कॉलेजात माझं व्याख्यान. विषय? 'अंधश्रद्धा सोडा'! त्यात शेजारच्या सुंदरम्मा म्हणतात, "बसवेश, रांजणवाडी हाय ती! दुसऱ्याच्या रांजणाला डोळा टेकवायचा, 'तुझी वाडी तुला' म्हणायचं, मागं न बगता घरी यायचं. लई गुण येतो की!" मी हसलो. वर त्यांना दहा मिनिटं जंतू समजावले!

आणि शनिवारी भर दुपारी, गल्ली झोपलेली बघून... टेकवला. रांजण कुठला हो आता? पाणी चार दिवसांनी येतं, दारोदार निळी बॅरलं! सुंदरम्मांच्याच बॅरलला टेकवला! तीनदा म्हणालो, "तुझी वाडी तुला!" बी.एस्सी. आहे मी, फर्स्ट क्लास!

रविवारी गॉगल लावून ओरडलो, "पुरावा मागा!" टाळ्याच टाळ्या... आणि गॉगलच्या आत गाठ तश्शी!

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी पापणी उलटून पाहिली. "ही रांजणवाडी नाहीच. तेलाच्या ग्रंथीचं तोंड बुजलंय, साधी गाठ आहे. गरम फडक्यानं दहा-दहा मिनिटं शेका, दिवसातून चारदा. पिळायची नाही. नाहीच गेली तर आतून छोटासा छेद देऊ. घरी काही उपाय केलात?" "छे!" म्हणालो. म्हणजे बघा, उपाय खुळा, तोही भलत्याच दुखण्यावर, वर डॉक्टरांशी खोटं! बी.एस्सी...

तीन आठवडे शेकली, गेली. फडक्यानं गेली, ऐकताय ना?

आज सकाळी बघतो तर सुंदरम्मांच्या बॅरलपुढं चौघं उभे, डोळ्यावर हात ठेवून! त्यात गल्लीतल्या ज्ञानबाकाकांचा डोळा लालबुंद, गालापर्यंत सूज. तसाच धावलो, "काका, आधी दवाखान्यात चला! मी टेकवला होता डोळा, खरंय, पण बॅरलनं काही होत नाही! मी लपवलं, चुकलं माझं!"

काका थबकले. माझ्याकडं बघितलं, बॅरलकडं बघितलं... आणि सुंदरम्मा कौतुकानं म्हणाल्या, "ऐकलं न्हवं? सोता कबूल केलं त्यानं! बी.एस्सी. झालेला हाय, उगंच टेकवंल व्हय डोळा?"