केळीच्या चिकाची साक्ष

"कौतिक पाटलांचे जीवराम, जीवरामांचे गिरधर, आणि गिरधरांची मी द्वारका. रावेरहून नवीन आले, आजी. तुमच्या ताराची मैत्रीण."

सन १९५४. जळगावच्या एस.टी. स्थानकावर, रांगेत माझ्यापुढेच हे बोलणे चालले होते. तारा पेटीवर बसून रडत होती.

"तारा शाळेला मुकली, बेटी. गॅदरिंगच्या पडद्यावर शाई सांडल्याचा आळ आला. तिला चाळीसगावला मामाकडे पोहोचवते."

"तो डाग शाईचा नाहीच! मी लिंबू चोळून पाहिले; लिंबाने शाई फिकी होते, हा हलला नाही. हा केळीचा चीक."

"शाळेत केळ कुठली?"

"पूजेचे केळीचे खांब शिपाईनानांनी त्याच पडद्यात गुंडाळून आणले. विचारताच कबूल झाले. मोठ्या बाई आज वर्गासमोर ताराची माफी मागणार आहेत!"

"एवढे तुला कसे कळले?"

"रावेरला आमच्या केळीच्याच बागा. आमच्या घरात या चिकाच्या डागाविना परकर सापडला तर दाखवा!"

"त्या कौतिक पाटलांची पणती! त्यांच्यावर बैलचोरीचा आळ आला, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी कचेरीत साक्ष दिली होती."

"ठाऊक आहे. घरी म्हणतात, तुमच्या सासऱ्यांच्या, शेठजींच्या, एका खऱ्या शब्दाचे देणे आपल्यावर आहे."

"होते, बेटी. आज पुरते फिटले. तारा, डोळे पूस, पेटी उचल. शाळा भरायची वेळ झाली."