चुरम्याचा तिसरा भाग

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं रसिका, तू होय! नाव दिसलंच नाही बघ, चष्मा देव्हाऱ्यापाशी राहिलाय.

हो… हो, झालं उद्यापन. म्हणजे… झालं तसं.

रडत नाहीये गं. आवाजच असा आहे माझा, तुला काय नवीन? आणि मोठ्यानं बोलता येत नाही, जिन्याकडचं दार उघडं आहे. सरकारी क्वार्टर, इकडे शिंकलं की पलीकडून 'जीते रहो' येतं.

हो, सतरावा सोमवार. चुरमा पाच शेर कणकेचा कुठला, सव्वा किलोचा केला. घरात माणसं दोन. तूप, गूळ… हो, वेलची घातली. देवळात नेला. एक भाग महादेवाला ठेवला, दुसरा तिथेच वाटला, थोडा गाईला दिला. तिसरा घरी आणलाय. समोरच आहे, वाटीत, झाकून.

नाही, नाही खाल्ला अजून. आधी यांनी खायचा, मग मी. हे करोल बागेत गेलेत. अर्धी रजा टाकून. बूट आणायला.

बूट म्हणजे… रसिका, तू बसलीयस ना? उभी असशील तर बस.

हे शिकारीला चाललेत.

शिकारीला गं… नाही, नाही, शिकाऱ्यात नाही! काश्मीरला नाही. शिकार. शि-का-र. बंदुकीनं. दक्षिण आफ्रिकेत. गुरुवारी रात्रीचं विमान आहे.

हसू नकोस. रसिका, हसू नकोस ना गं.

अगं हेच, शशिकांत आपटेच, दुसरे कोण! उंदराच्या पिंजऱ्याचं दार उघडायला मला हाक मारतात ते. हो, तेच. पिंजरा पार्कात नेऊन सोडतात, वर म्हणतात, 'जा बाबा.'

इथे चालत नाही, माहितीये. इथे बंदी आहे. म्हणून तर तिकडे. तिकडे मोठाल्या खाजगी शेतांवर कायद्यानंच चालतं म्हणे, परवाना मिळतो, माणूस बरोबर असतो. गाझियाबादचे एक रिटायर्ड मेजरसाहेब आहेत, ते चौघांना घेऊन जातायत. चौघांत एक जीप, एक वाटाड्या, बंदूक तिथेच भाड्यानं. शिंगं, कातडं काही आणायचं नाही. आणायला परवानगीची भानगड, आणि पेंढा भरून घ्यायचा खर्च शिकारीपेक्षा जास्त. विमान अदिस अबाबाहून, अकरा तास बसून राहायचं मधे, कारण ते स्वस्त. सगळं बसवलंय त्यांनी. वहीत लिहून.

पैसे? आठ वर्षं साठवतायत. ऐक ना, तेच तर सांगते. तुला म्हटलं होतं ना मी, की हे हल्ली दुपारचं जेवत नाहीत, ऑफिसातून चालत येतात, चहा सोडलाय? मला वाटलं, माझ्याबरोबर व्रत धरलंय. बोलून दाखवत नाहीत पण धरलंय. मी रोज देवाला दोघांच्या वतीनं हात जोडत होते, रसिका! आणि हे कँटीनच्या थाळीचे पैसे डब्यात टाकत होते.

हो, आता हस. आता मलाही… नाही गं, नाही येत हसू.

भीती त्याची नाही. म्हणजे त्याचीही आहेच, बीपीची गोळी घेतात, त्या जंगलात कोण बघणार. पण ती वेगळी. ही भीती… कसं सांगू. हे मी केलंय.

मी. माझ्यामुळे झालंय.

अगं, चैत्रात व्रत धरलं तेव्हा गुरुजींनी विचारलं, संकल्प काय? तीन वर्षांपूर्वी लेकीसाठी, चेतनासाठी धरलं होतं, तेव्हा मी सगळं नावानिशी सांगितलं होतं. या वेळी मला वाटलं, हे कायम गप्प असतात, निवृत्तीला सहा महिने राहिले, मनात काही तरी आहे यांच्या. म्हटलं, मी कशाला खोदून विचारू? मी म्हटलं, 'यांच्या मनात जे असेल ते पुरं होवो.' गुरुजी म्हणाले, मोघम झालं हो अहिल्याबाई. मी म्हटलं, देवाला कळतं.

तेच ना! कळलं त्याला.

त्यांच्या ऑफिसची परवानगी अडकली होती. सरकारी माणसाला परदेशी जायला परवानगी लागते ना… तीन महिने फाइल एका टेबलावरून हलेना. मागचा सोमवार माझा सोळावा. मंगळवारी सकाळी अकरा वाजता सही! हे पेढे घेऊन घरी. मला म्हणतात, 'अहिल्या, तुझं व्रत फळलं.' तिकिटाचा कागद देवापुढे ठेवला, म्हणाले, हळदकुंकू लाव. मी लावलं. आफ्रिका म्हणजे मला वाटलं, जिराफ बघायला चाललेत! तांदूळसुद्धा वाहिले मी त्याच्यावर…

कालच कळलं. काल दुपारी कागद उचलायला गेले तर खाली दुसरा होता, दरांचा. इंग्रजीच होतं पण एवढं येतं मला. वर जनावरांची नावं आणि पुढे…

थांब. थांब हं, बेल वाजली. हे आले बहुतेक. बंद नको करूस.

…

कौन?… हाँ भैया. नहीं, आज नहीं, कपडे शाम को ले जाना. हाँ, चादर भी. चलो, ठीक है.

…

इस्त्रीवाला. अगं, छातीत केवढं धस्स झालं माझ्या.

हां, तो कागद. इम्पाला म्हणून हरिण असतं. नर पस्तीस हजार. शिंगं असतात ना त्याला, म्हणून. आणि खालच्या ओळीत, मादी, साडेबारा. त्या ओळीवर यांनी निळ्या पेनानं बरोबरची खूण केलीय.

तेवढंच बसत होतं गं पैशात. सरळ हिशोब त्यांचा. आयुष्यभर हेच केलंय आम्ही, सरोजिनीच्या बाजारात काय, भाजीच्या गाडीवर काय… त्यातल्या त्यात जे परवडेल ते. यांना त्यात काही दिसलंच नाही. मादी स्वस्त, एवढंच दिसलं.

विचारलं ना. काल संध्याकाळी विचारलं. दिवा लावल्यावर. शांतपणे म्हणाले, 'हो.' मग वडिलांचं सांगितलं. सासऱ्यांची बंदूक होती चंद्रपूरला, बंदी यायच्या आधी. ह्यांना एकदा नेलं होतं, यांच्याच्यानं चाप ओढवला नाही. घरी येऊन सासरे चारचौघांत म्हणाले, 'हा मुलगा नाही, भागूबाई आहे.' बावन्न वर्षं झाली त्याला. रसिका, तीस वर्षं संसार केला मी, हा शब्द मला काल पहिल्यांदा कळला. मग मी उठले. पान वाढलं.

पण झोप आली नाही. आणि आज सकाळी, देवळात जायच्या आधी, तुझ्या नचिकेतला फोन केला. हो, मीच केला. त्याला म्हणू नकोस काही. तो प्राण्यांचं शिकतोय ना, म्हणून. म्हटलं, अरे, काकांना तिकडे फोटो काढायचेत, इम्पालाची पिल्लं दिसतील का आत्ता? खोटं बोलले. उपासाच्या दिवशी. तर तो म्हणाला, 'नाही मावशी, पिल्लं नोव्हेंबर-डिसेंबरात, सगळ्या एकदमच वितात. आत्ता जुलैत बघितलीस तर जवळजवळ प्रत्येक मादी गाभण असते.'

ऐकलंस? प्रत्येक.

…

हो, आहे मी. ऐकतेय.

नाही, तेवढंच नाही. अजून एक आहे. ते कुणाला सांगायचं नाही असं कबूल केलंय मी… तू देवाची शपथ घे. तुझ्या श्रीरंगरावांनासुद्धा नाही. घेतलीस?… मोठ्यानं घे.

चेतनाला दिवस गेलेत.

हळू गं, हळू! ओरडू नकोस! अजून तिसरा सरला नाही, आठ दिवस आहेत. म्हणून तर… मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले, आणि तिसऱ्यातच गेलं ना. यंदा तिनं फक्त मला सांगितलं. परवा नोएडाहून आली होती, स्वयंपाकघरात माझ्या कानात. म्हणाली, आई, बाबांना मी सांगेन, तीन महिने झाल्यावर. तुझ्या जिभेवर ठेवू नकोस. आणि मी आत्ता तुला…

म्हणजे बघ ना कसं आलंय. घरात लेक पोटुशी. बाप सात समुद्र ओलांडून पोटुशीवर नेम धरायला चाललाय. आणि हे सगळं घडवून आणलं कुणी, तर मी, सोळा सोमवार निर्जळी राहून! तूच सांग, हे कुणाच्या पदरात पडणार?

अंधश्रद्धा म्हण. तुला म्हणायचं ते म्हण. तुझा देवावर विश्वास बेताचा, तुला रात्री झोप लागेल. मला नाही लागत.

मग काय करू? प्रसाद देऊ नको म्हणतेस? अगं, कहाणीत काय होतं प्रसाद टाकणाऱ्याचं, ठाऊक आहे ना? राज्य जातं. आणि दिला, यांनी खाल्ला, की व्रत पुरं. मनात असेल ते होणार. दोन्हीकडून… वाटी समोर आहे आणि मी तिच्याकडे बघत बसलेय दीड तास. मुंग्या यायला लागल्या.

काय?… परत म्हण.

'मनात जे असेल ते'… हो, तेच शब्द. नाही, शिकार असं नाही म्हटलं. हरिण नाही म्हटलं. मला ठाऊकच कुठे होतं?

म्हणजे… थांब. थांब, मला नीट समजू दे. खाताना त्यांच्या मनात जे असेल…? तू चेष्टा करतेयस. नाही, चेष्टाच करतेयस तू, मी ओळखते. पण… गुरुजी मोघम म्हणाले होते. मोघम म्हणजे अजून भरायचं राहिलंय, असंही होतं का गं?

पण मग सांगावं लागेल यांना. चेतनाचं. आठ दिवस आधी. तोंडातून काढायचं आणि काही झालं तर? मागच्या वेळी सगळे म्हणालेच, आईनं फार बोभाटा केला. तू नव्हतीस, तू काही म्हणाली नाहीस. पण म्हणाले.

मला नाही जमणार. आवाजच फुटायचा नाही.

…

रसिका. किल्लीचा आवाज आला.

नको, ठेवू नकोस. अशीच राहा. फोन मी पदराखाली धरते. फक्त राहा.

…

आलात? केवढं ऊन झालंय बाहेर… हो, बघते. छान आहेत. बाराशेत? अच्छा… नाही, मस्तच आहेत. घट्ट नाहीत ना होत? चालून बघा… नको, स्वयंपाकघरात नको, बूट घालून आत… बरं. हात धुवा.

हो, झालं सगळं वेळेवर. गर्दी होती… फोनवर? रसिका आहे. तुम्हाला नमस्कार सांगतेय.

अहो… ती वाटी…

थांबा!

…

थांबा. खाऊ नका.

नाही, भूत नाही बघितलं. ओरडले… हो, ओरडले मी. माफ करा. वाटी खाली ठेवा आधी. ठेवा. नाही, पडलं काही नाही त्यात. बसा. बूट राहू देत, बसा.

तो कागद आहे ना, दरांचा. त्यातली तुम्ही खूण केलेली ओळ… हो, स्वस्त आहे, कळलं मला. तुमचं काही चुकलं असं नाही म्हणत मी. पण त्या सगळ्या आत्ता गाभण असतात… मी विचारलंय. नाही, कुणी भरवलं नाही माझ्या डोक्यात. ऐका… ऐका ना हो. तीस वर्षांत एकदा ऐका.

आपली चेतना…

…तिलाही.

हो.

…

हो, परत. तिसरा संपत आलाय. तुम्हाला ती स्वतः सांगणार होती, मी शब्द मोडला. तिला कळू देऊ नका. तब्येत बरी आहे. उलट्या होतात थोड्या. डॉक्टर म्हणाले, या वेळी ठीक आहे. जानेवारीची तारीख.

…

अहो, बूट कशाला काढताय मधेच?

…

रसिका… आहेस? बसलेत. एका पायातला बूट काढलाय, हातात धरलाय, नाडीशी खेळतायत. सुटत नाहीये नाडी.

काय म्हणालात? …हो, बोटंसुद्धा झाली असतील आता. एवढुशी. मला नाही माहीत हो, तिनं फोटो दाखवला त्यात काही कळलं नाही मला. बीसारखं काही तरी.

…

नाही, भागूबाई नाही म्हणणार कोणी. मी तर नाहीच नाही.

ऐका. हा तिसरा भाग आहे. तुम्ही खायचा, मग मी. पण आधी मला सांगा… आत्ता, या घटकेला, मनात काय आहे तुमच्या?

…

हं.

…

हं. पुरं. परत उच्चारू नका, असू दे मनातच.

घ्या. आता खा. दोन्ही हातांनी धरा वाटी, सांडेल.

…

हो गं, खातायत. डोळे पुसत खातायत… तिकिटाचं? नाही विचारलं. ते पैसे परत मिळत नाहीत म्हणे. गुरुवारचं गुरुवारी बघू.

काय म्हणाले ते? …नाही. तुलाही नाही सांगणार. या वेळी मी एक अक्षर कुणाला सांगणार नाही.

ठेवते. मलाही घास खायचाय.