उलट्या पिळाची तार

"आरटीओच्या त्या पासिंगवाल्या साहेबानंच माझा भाऊ मारला! बॉनेट न उघडता डीजेची पिकअप पास केली!"

गंगापूर रोडवरच्या कार-ऑडिओच्या दुकानात मालिनीताई आपल्या गाडीसाठी ताटकळल्या होत्या. त्यांनी दचकून मान वर केली. पिंपळगावचा हिरामण दुकानाच्या शामसुंदर मिस्तरीपुढे तांब्याची तार नाचवत होता.

"अ‍ॅम्प्लिफायरला फ्यूज नव्हता का, हिरामणभाऊ?"

"व्हता ना. पण हळदीत सारखा उडायचा, अन् नाचणारे बोंबलायचे. म्हणून माझ्या भावानं, सोमानं फ्यूज काढून तार गुंडाळली. पासिंगला ती कुणी बघितलीच नाही. वायरिंग पेटलं, सोमा आतच राह्यला."

"अहो, त्याच गाडीत आता मी नवी जाड वायर टाकलीय. बॅटरीला लागूनच फ्यूज दिलाय. भ्यायचं काय त्यात?"

"रोज सकाळी तो फ्यूज सीटवर काढून ठेवलेला असतो. अन् त्याच्या जागी ही अशी तार."

"पोरांची मस्करी असेल."

"बॉनेटला कुलूप हाय. चावी माझ्या गळ्यात. अन् ह्या तारेचा पीळ बघ, उलटा हाय."

"मग?"

"सोमा डावखुरा व्हता."

मालिनीताईंच्या हातातला चहा तसाच निवला.

"आज त्याच्याच पोरीची हळद हाय, मिस्तरी. बापाच्याच गाडीपुढं नाचणार म्हणती. ही तार कोण बांधतंय, सांग ना!"